बोर्डावरचे बटण आणि वाळलेले हेड : साताऱ्यातील एका घरगुती इंकजेट प्रिंटरचे प्रकरण

साताऱ्यात शाहूपुरीतील एका बंगलीत शिष्यवृत्ती परीक्षेची शिकवणी चालते आणि त्या वर्गाच्या सराव प्रश्नपत्रिका घरच्याच इंकजेट प्रिंटरवर छापल्या जातात. वर्ग चालवणाऱ्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. चौथीत मीही त्यांच्या हाताखाली शिकलो असल्यामुळे, ज्या गिऱ्हाइकांकडे पैसे मागताना माझी जीभ अडखळते त्यांत त्यांचा नंबर पहिला लागतो. प्रिंटर तीन वर्षांचा होता. चार शाईच्या टाक्या, छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकाच यंत्रात, आणि कागद मागच्या बाजूने उभा लावायचा, असा त्याचा प्रकार. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की एकाच यंत्रात चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी एकदम उभ्या राहिल्या होत्या, प्रत्येकीवर घरच्यांनी आणि बाहेरच्यांनी वेगवेगळा उपाय सुचवला होता, आणि शेवटी त्यांतल्या तीन तक्रारींचे मूळ प्रिंटरमध्ये सापडलेच नाही. ते भिंतीवरच्या स्विचबोर्डात सापडले.

तक्रार

फोन आला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडायच्या तोंडावर. "अरे, काळं काही उमटतच नाही. तांबडा रंग आहे तिथे पांढऱ्या रेघा येतात. पाच वेळा क्लीनिंग करून झालं," असे बाईंनी सांगितले. सोबत आणखी बारीकसारीक गाऱ्हाणी होती. कागद दोन-दोन, तीन-तीन एकदम आत जात होते आणि गेले तरी डावीकडे कलून जात होते. लॅपटॉपवर प्रिंटर मधूनच ऑफलाइन दिसत होता. आणि गेल्या दोन दिवसांपासून पडद्यावर असा संदेश येत होता की वेस्ट इंक पॅडचे, म्हणजे वाया जाणारी शाई शोषून घेणाऱ्या गादीचे, आयुष्य संपत आले आहे. गावातल्या दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने फोटो पाहूनच "हेड गेलं, नवीन टाकण्यापेक्षा नवा प्रिंटर घ्या" असा निकाल दिला होता. तो निकाल सरसकट चुकीचा ठरवता येणार नाही, कारण टाकीच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, यंत्रातच कायमचे बसवलेले असते आणि ते बदलायचे झाले तर खर्च नव्या प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. मात्र हेड गेले आणि हेड वाळले या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नुसत्या फोटोवरून त्यांतला फरक कोणालाही सांगता येत नाही.

मी फोनवर एकच विनंती केली, की मी येईपर्यंत आणखी एकदाही क्लीनिंग, म्हणजे प्रिंटरकडून हेडची सफाई, करू नका.

पूर्ववृत्त

इंकजेटच्या बाबतीत यंत्र उघडण्याआधी घरच्यांशी दहा मिनिटे बोलणे मला नेहमी फायद्याचे ठरले आहे. शाई कधी भरली, कोणती भरली, प्रिंटर किती दिवस बंद होता, जागेवरून हलवला होता का, एवढे चार प्रश्न विचारले की निम्मे निदान तिथेच होते. बाईंच्या उत्तरांतून चित्र असे तयार झाले. एप्रिलअखेरपर्यंत रोज पंधरा-वीस पाने छापली जात होती आणि छपाई निर्दोष होती. वर्ग संपल्यावर बाई आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका, मुलाकडे पुण्याला गेले आणि सहा आठवडे घर बंद राहिले. प्रिंटरची खोली पश्चिमेची, खिडक्या बंद, उन्हाळा मे महिन्याचा. परत आल्यावर पहिलेच पान कोरे निघाले. मार्चमध्ये काळी शाई संपली तेव्हा मूळ कंपनीची बाटली दुकानात नव्हती, म्हणून दुसऱ्या कोणत्या तरी बनावटीची बाटली आणून भरली होती, हेही बाईंनी थोड्या अपराधी स्वरात सांगितले.

या शेवटच्या माहितीमुळे घरात खटला उभा राहिलाच होता. शाई काकांनी आणलेली, त्यामुळे आरोपीही तेच. मलाही क्षणभर तसे वाटले. पण मार्चमध्ये भरलेल्या त्या शाईने एप्रिलभर शेकडो पाने व्यवस्थित छापली होती आणि तांबड्या रंगाची शाई तर मूळ कंपनीचीच होती, तरीही तांबड्यात रेघा येतच होत्या. दोष शाईचा असता तर तो काळ्यापुरताच राहिला असता. दोन वेगळ्या टाक्या, दोन वेगळ्या बनावटीच्या शाया, आणि त्रास दोघींना एकाच वेळी. म्हणजे कारण असे असले पाहिजे जे दोन्ही रंगांना समान लागू होते. हा तर्क मी काकांना ऐकवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पुढे अर्ध्या तासाने तो पुन्हा उतरणार होता, हे त्यांना आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

हजेरीपट

पहिले काम म्हणजे नोजल चेकचे पान छापणे. हेडच्या तळाला शाई बाहेर पडण्याची शेकडो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांचा व्यास साधारण २० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. नोजल चेकच्या पानावर प्रत्येक रंगाच्या लहान लहान आडव्या रेघा पायऱ्यांसारख्या उमटतात आणि प्रत्येक रेघ ठराविक छिद्राची असते. जिथे रेघ नाही तिथले छिद्र गैरहजर. बाईंना मी हा हजेरीपट आहे असे सांगितले आणि पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही.

पहिल्या पानावर काळ्याच्या फक्त तळाकडच्या थोड्या रेघा होत्या, बाकी सगळा रकाना कोरा. तांबड्यात मधल्या तीन रेघा नव्हत्या. निळा पूर्ण. पिवळा मात्र पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाही आणि घाईत तो पूर्ण आहे असे समजून पुढे जाण्याची चूक बरेच जण करतात. बाईंच्या कपाटात मुलांच्या हस्तकलेचा निळा जिलेटिन कागद होता. तो पानावर धरला की पिवळ्या रेघा काळपट होऊन स्पष्ट दिसतात, कारण पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते. पिवळ्यातही एक रेघ गायब निघाली.

पानावर पेनाने तारीख आणि वेळ लिहून मी लगेच दुसरे पान छापले आणि दोन्ही शेजारी ठेवली. निदानाचा सगळ्यांत उपयुक्त भाग माझ्या मते हाच आहे आणि नेमका हाच वगळला जातो. दोन्ही पानांवर त्याच त्या रेघा गायब असतील तर त्या छिद्रांत शाई वाळून बसली आहे असे समजावे. गायब रेघांची जागा प्रत्येक पानावर बदलत असेल तर छिद्रे मोकळी आहेत, पण त्यांच्यापर्यंत शाई पुरेशी पोहोचत नाही. नळीत हवा शिरली असेल, टाकी खालच्या खुणेच्या खाली गेली असेल, किंवा ज्या मॉडेलमध्ये प्रिंटर हलवताना शाई बंद करण्याची कळ असते ती उघडायची राहून गेली असेल. पहिल्या प्रकारात छिद्र भिजवावे लागते, दुसऱ्यात शाई ओढावी किंवा नुसती वाट पाहावी लागते. बाईंच्या दोन्ही पानांवरच्या उणिवा रेघेगणिक जुळल्या. टाक्या निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या आणि टॉर्च लावून पाहिले तर चारही नळ्यांत शाई सलग होती. हेड वाळलेले होते, यात शंका उरली नाही.

आता प्रश्न असा की वाळले का? सहा आठवडे बंद राहिले म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. धडधाकट प्रिंटर सहा आठवडे बंद राहिला तर दोन-चार छिद्रे रुसतात, एका क्लीनिंगने ती परत येतात. अख्खा काळा रकाना पुसला जात नाही.

काकांचे बटण

काम झाल्यावर हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी झाकणावर बसते. आपल्याकडे याला कॅप म्हणतात. प्रत्यक्षात ती रबरी कड असलेली छोटी वाटी असते आणि तिच्या तळाशी स्पंज असतो. हेड तिच्यावर घट्ट बसले की छिद्रांना बाहेरची हवा लागत नाही. इंकजेटच्या शाईत बहुतांश पाणी असते आणि ती लवकर सुकू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. तरीही उघड्यावर राहिलेल्या छिद्राच्या तोंडाशी पाणी उडून जाते आणि मागे घट्ट चिकटा उरतो. या प्रिंटरमधली काळी शाई पिगमेंट प्रकारची होती, म्हणजे तिच्यात रंगाचे घन कण तरंगत असतात. रंगीत शाया डाय प्रकारच्या, पाण्यात पूर्ण विरघळलेल्या. वाळलेला डाय पाणी लागले की पुष्कळदा पुन्हा विरघळतो. वाळलेले पिगमेंट पापुद्र्यासारखे धरून बसते. काळ्याचे हाल सर्वांत जास्त का झाले, याचा उलगडा इथे होतो आणि परक्या बाटलीवरचा आरोप आणखी सैल होतो.

मी बाईंना म्हटले, "रोज जसा बंद करता तसा एकदा करून दाखवा." त्यांनी एक पान छापले. पान ट्रेमध्ये पडताक्षणी काका खुर्चीतून उठले आणि त्यांनी दाराजवळच्या बोर्डावरचे बटण बंद केले. खोलीतला पंखा, ट्यूबलाइट आणि प्रिंटर एकदमच बंद झाले. काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि घरात एकही दिवा विनाकारण जळता राहू नये याबद्दल त्यांची शिस्त कडक. अंधारात मी प्रिंटरचे झाकण उचलून टॉर्च मारला. हेड त्याच्या जागेपासून चांगले चार बोटे डावीकडे उभे होते. वाटी उघडी, हेड उघडे.

"म्हणजे मी?" काका एवढेच म्हणाले.

एप्रिलअखेरीस नेमके काय घडले असावे हे मग जुळवायला वेळ लागला नाही. पुण्याला निघायच्या सकाळी एसटीच्या आरक्षणाची प्रत छापली, रिक्षा दारात उभी होती, पान हातात आले आणि बोर्डावरचे बटण गेले. हेड वाटेत अडकले ते मे महिना संपेपर्यंत तिथेच राहिले. इथे हेही नोंदवायला हवे की छपाई संपून काही वेळ गेला असेल तर बहुतेक प्रिंटर हेड आपोआप कॅपवर नेऊन ठेवतात, त्यामुळे रोजच्या रोज बोर्डावरून बंद करणाऱ्या सगळ्यांनाच ही शिक्षा भोगावी लागते असे नाही. काकांचे बटण फार तत्पर होते, एवढाच त्यांचा दोष. छपाई चालू असताना वीज गेली तरी हेच घडते. वीज परत आली की प्रिंटर एकदा चालू करून त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करणे हा त्यावरचा साधा उपाय असतो. पण वीज आली की आपण आधी मोटर आणि फ्रिज पाहतो, प्रिंटर कोणाला आठवत नाही.

याच सवयीने दुसरी तक्रारही घडवली होती. विद्युतपुरवठा अचानक तुटून पुन्हा आला की बरेच प्रिंटर चालू होताना स्वतःहून हेडची सफाई करून घेतात, आणि त्या सफाईत ओढलेली शाई यंत्राच्या पोटातल्या शोषक पॅडमध्ये जाते. तीन वर्षे रोज रात्री बोर्ड बंद, रोज सकाळी चालू. त्यात या जूनची पाच क्लीनिंग. पॅड भरल्याचा संदेश तीन वर्षांत यावा एवढी छपाई त्या घरात झालेली नव्हती. शाई कागदावर कमी आणि पॅडमध्ये जास्त गेली होती. "शाई फार खातो" असे बाई दोन वर्षे म्हणत होत्या, त्यालाही कारण हेच.

उपचार

पाच वेळा क्लीनिंग करूनही काहीच फरक का पडला नाही, हे वाटी तपासल्यावर समजले. क्लीनिंग म्हणजे वाटी हेडला चिकटवून पंपाने खालून शाई ओढणे. वाटीच्या रबरी कडेवर वाळलेल्या शाईचा जाड थर होता आणि त्यात एक बारीक दोराही अडकला होता. कड हेडला नीट बसत नसल्यामुळे पंप शाईऐवजी बाजूची हवाच ओढत होता. फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा, तसला तो प्रकार होता. अशा वेळी क्लीनिंगची संख्या वाढवून काहीच साधत नाही, आणि टाकीच्या प्रिंटरमधले जोरदार पॉवर क्लीनिंग करणे तर टाळावेच, कारण त्यात नळ्यांतली सगळी शाई बदलली जाते आणि ती पॅडमध्येच जाते. ते करायचेच झाले तर सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असाव्या लागतात, नाहीतर नळीत हवा शिरते.

हेड जागेवर असताना कुलपात असते, ते हाताने सरकत नाही. म्हणून मी काकांचीच युक्ती वापरली. पान छापायला लावून हेड मध्यावर आले असता वीज तोडली, वायर बोर्डातून काढून ठेवली, आणि मग हेड हलकेच डावीकडे सरकवून वाटी मोकळी केली. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानातून आणले होते. तिथेच शेजारी बॅटरीचे ॲसिडही ठेवलेले असते, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचून घेतला पाहिजे. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार छिद्रांतच वाळतात. सॅनिटायझर, स्पिरिट, नेल पॉलिश काढायचे द्रव्य यांपैकी काहीही मी वापरत नाही. स्पिरिटने काम झाल्याचे सांगणारे भेटतात, पण पिगमेंटच्या शाईत स्पिरिट गेले की कण एकत्र येऊन गुठळी होण्याचा धोका असतो आणि गुठळी एकदा आत गेली की उपाय संपतो. सुई, टाचणी, दात कोरायची काडी यांबद्दल तर बोलायलाच नको.

कोमट डिस्टिल्ड वॉटरचे पाच-सहा थेंब वाटीत सोडले, दहा मिनिटे थांबलो, चिमट्याने दोरा काढला आणि जुन्या धोतराच्या मलमलीची घडी ओली करून रबरी कड चारही बाजूंनी पुसली. कापसाचे बोळे मुद्दाम टाळले, कारण त्यांचे तंतू सुटतात; तो दोराही बहुधा अशाच कुठल्या तरी बोळ्याचा असावा. शेजारची रबरी पट्टी, जिच्यावरून हेड पुसले जाते, तीही शाईने माखली होती, तीही धुतली. काळा चिकटा मलमलीवर डांबरासारखा निघत होता आणि बाई प्रत्येक घडीबरोबर "अगं बाई" म्हणत होत्या. मग वाटी स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने काठोकाठ भरली, हेड उजवीकडे सरकवून तिच्यावर बसवले, आणि रात्रभर तसेच ठेवले. वायर काढलेलीच ठेवली, कारण कोणी सहज बटण दाबले असते तर भिजत घातलेले सगळे पंपाने ओढून नेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकच क्लीनिंग आणि एक हजेरीपट. तांबडा आणि पिवळा पूर्ण आले. काळ्याच्या निम्म्याहून अधिक रेघा आल्या. इथे हात शिवशिवतो, आणखी एक क्लीनिंग करावे असे वाटते. मी थांबलो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतही दोन-तीन वेळा सफाई करून फरक पडला नाही तर यंत्र काही तास बंद ठेवा असेच लिहिलेले असते, आणि त्यामागे कारण आहे: वाळलेला भाग ताज्या शाईत हळूहळू मऊ होतो आणि आत अडकलेले बुडबुडे विरून जातात. संध्याकाळी वाटीत पुन्हा पाणी सोडले, रात्र जाऊ दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी काळ्याच्या दोन रेघा सोडून सगळी हजेरी लागली. त्या दोन रेघांसाठी क्लीनिंग न करता पूर्ण काळ्या पट्ट्यांची चार पाने छापली. त्यात शाई पॅडऐवजी कागदावर जाते. चौथ्या पानानंतर रकाना भरला. उभ्या रेघा किंचित दुहेरी दिसत होत्या, त्यासाठी हेड अलाइनमेंट एकदा करून घेतले.

हा उपचार सगळ्या इंकजेटना जसाच्या तसा लागू होत नाही. हा प्रिंटर पिझो पद्धतीचा होता. त्यात विजेच्या दाबाने वाकणारा सूक्ष्म घटक शाईचा थेंब ढकलतो. एप्सनचे हेड या पद्धतीचे असतात. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती प्रिंटरमध्ये छोटा तापक शाईचा बुडबुडा करतो आणि बुडबुडा थेंब ढकलतो. ती पद्धत कॅननमध्ये १९७७ साली सापडली, असे सांगतात की तापलेली सोल्डरिंग इस्त्री शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि टोकातून शाई उडाली. एचपीचा थिंकजेट १९८४ साली बाजारात आला. घरच्या माणसाला या फरकाचा उपयोग दोन ठिकाणी होतो. तापकाच्या हेडमध्ये शाई पोहोचत नसताना छापत राहिले तर तापक जळू शकतो, म्हणून कोरी पाने येत असताना "येईल, येईल" म्हणत वीस पाने काढू नयेत. आणि ज्या प्रिंटरमध्ये कार्ट्रिजलाच हेड असते, तिथे एवढे सायास करण्यापेक्षा कार्ट्रिज बदलले की हेडही आपोआप नवे होते.

पॅड

पॅड भरल्याचा संदेश हा पॅडमधली शाई प्रत्यक्ष मोजून दिलेला नसतो. प्रिंटर प्रत्येक सफाईची नोंद ठेवतो आणि बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत गेली की थांबतो. त्यामुळे फक्त ती बेरीज शून्य करून देण्याचा धंदा जोरात चालतो. तसे केल्यास प्रिंटर चालू होतो हे खरे, पण पॅडमधली शाई कुठे जात नाही, आणि काही महिन्यांनी ती तळातून टेबलावर उतरते. मी नव्या पॅडशिवाय बेरीज शून्य करत नाही. या मॉडेलमध्ये पॅड मागच्या बाजूला एका स्क्रूवर असलेल्या खोक्यात होते. बाहेर काढले तेव्हा ते इतके जड होते की काकांनी ते हातात घेऊन पाहिले, परत दिले आणि काही बोलले नाहीत. बाजारात आता काही मॉडेल अशी मिळतात ज्यांत हे खोके ग्राहकालाच बदलता येते. नवीन प्रिंटर घेताना मी तरी ही गोष्ट विचारून घेईन.

कागद आणि ऑफलाइन

कागदाच्या तक्रारीचा हेडशी काही संबंध नव्हता. पाऊस सुरू झाला होता आणि कागदाचा गठ्ठा वेष्टन काढून खिडकीपाशी ठेवलेला होता. साताऱ्याच्या पावसाळी हवेत असा कागद दोन दिवसांत ओल धरतो, पाने एकमेकांना चिकटतात, कडा वळतात. नवा गठ्ठा उघडून त्यातली तीसेक पाने फुलवून लावली, बाकीचा गठ्ठा वेष्टनासह स्टीलच्या डब्यात ठेवायला सांगितले, आणि कागद ओढणारा रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसला. दोन-दोन पाने जाणे थांबले. कलणे मात्र थांबेना. मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारला तर डाव्या बाजूला खोडरबराचा अर्धा तुकडा रुतून बसला होता. कागद उभा लावायच्या प्रिंटरचे तोंड वर उघडे असते आणि शिकवणीची मुले त्याच्या शेजारीच बसतात. मुलांपैकी कोणाचा तो तुकडा होता हे बाईंनी बघताक्षणी ओळखले.

ऑफलाइनचे कारण आणखी साधे. मुलाने पुण्याहून जुना राउटर बदलून नवा पाठवला होता आणि लॅपटॉप त्याच्या ५ गिगाहर्ट्झच्या वाहिनीला जोडलेला होता. हा प्रिंटर, घरगुती प्रिंटरपैकी बऱ्याच प्रिंटरसारखाच, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तो अजून जुन्या राउटरच्या नावाने हाका मारत होता. त्याला नवे नाव-पासवर्ड देऊन लॅपटॉपवरच्या रांगेत अडकून बसलेली अकरा जुनी कामे काढून टाकली, तेवढ्याने भागले.

नंतर

वायरमन बोलावून प्रिंटरसाठी वेगळे सॉकेट बसवले. पंखा आणि ट्यूबलाइट जुन्याच बटणावर राहिले. नव्या सॉकेटवर काकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली: "आधी प्रिंटरचे बटण. दिवा विझेपर्यंत थांबणे. मग हे." दर रविवारी चारही रंग असलेले एक पान छापायचे आणि महिन्यातून एकदा हजेरीपट काढून त्यावर तारीख टाकून ठेवायचा, असे ठरले. पाने कपाटाच्या दाराला आतून टाचलेली आहेत.

दिवाळीत दोघे पुन्हा पुण्याला गेले, बारा दिवसांसाठी. खंबाटकी घाट ओलांडल्यावर काकांचा मला बसमधून फोन आला, की बटण दाबल्याचे आठवते पण दिवा विझलेला पाहिला का ते आठवत नाही. परत आल्यावर काढलेल्या पानावर तांबड्याची एक रेघ नव्हती. एका क्लीनिंगने ती आली.